चमक तुमची, धार माझी

मी वस्तरा बोलतोय. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, जुन्या पोलादाचा. आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायच्या तयारीने बसला असाल तर उठलात तरी चालेल. 'मी म्हातारा झालो, मला आता कुणी विचारत नाही' असलं रडगाणं माझ्याकडे नाही. अडगळीत मी पडलो होतो, थोडीथोडकी नाही, बावीस वर्षं. पण त्या बावीस वर्षांत मी एकदाही स्वतःला अडगळ म्हणालो नाही.

माझा जन्म भट्टीतला. लाल होऊन बाहेर पडलो, तेलात बुडालो, मग मंद आचेवर शेकून निघालो, तेव्हा कुठे अंगात पाणी आलं. पोलादाच्या कडकपणाला कारागीर 'पाणी' म्हणतात. पुढे एका म्हाताऱ्याने मला फिरत्या ओल्या दगडावर घासून पातळ केलं. दर चार फेऱ्यांनी तो आपला उघडा अंगठा माझ्या पाठीला लावून बघायचा. जरा ऊब लागली की बादलीत बुचकळायचा. शेजारच्या कारागिराला तो सांगायचा, "पोलाद रागावलेलं चालतं, तापलेलं चालत नाही. धार तापली की पाणी उतरलं. मग ते पातं लोणी कापायलाही नको."

त्याच कांबीतून, त्याच दिवशी आणखी एक वस्तरा निघाला. माझा भाऊ. तो दगडावर माझ्या आधी चढला म्हणून तो थोरला, मी धाकटा. दोन खाचांच्या एका लाकडी पेटीत आम्ही दोघे शेजारी शेजारी निजलो आणि एका न्हाव्याच्या घरी गेलो. त्याने आम्हाला वापरलं आणि आपल्या मुलाच्या हाती दिलं. हा मुलगाच माझा खरा धनी. सगळी गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणत.

दादाचं दुकान म्हणजे एक खुर्ची, दोन आरसे आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. एक दिवस मी कामाला, एक दिवस थोरला. पोलादालाही विश्रांती लागते असं दादाचं मत होतं, आणि ते अगदी खरं आहे. त्या खुर्चीत मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. बाहेर कितीही तोरा असो, मान मागे टाकली की सगळे सारखे. हनुवटी वर, कंठ खाली-वर, डोळे मिटलेले. केसाने गळा कापणारे महाभाग त्या खुर्चीत बसून गेले. मी प्रत्यक्ष गळ्यावर फिरायचो, पण मी कुणाला फसवलं नाही.

एके सकाळी एक सडपातळ तरुण आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "तुमच्या पाटीवर वेलांटी चुकलीय."

दादा धार लावायच्या चामडी पट्ट्यावर मला फिरवत होता. तो म्हणाला, "वेलांटीने दाढी होत नाही, साहेब. बसा."

तरुण बसला. दुसऱ्या दिवशी रंगाची डबी घेऊन आला, स्टुलावर चढून वेलांटी दुरुस्त केली आणि मगच मान मागे टाकली. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत पकडून ओळी लावायचं काम. त्याला सगळे जुळारीच म्हणत. त्याची दाढी म्हणजे तारेचा ब्रश. संध्याकाळपर्यंत पुन्हा डोकं वर काढणार. त्यामुळे तो रोज यायचा, छापखान्यात जायच्या आधी, वीस वर्षं.

मग दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुकान बंद करायच्या दिवशी त्याने आमची पेटी जुळाऱ्याच्या हातात ठेवली. "तुमच्यासारखी दाढी दुसऱ्या कुणाची नाही," तो म्हणाला. "दुसरीकडे हे दोघे गंजून मरतील."

जुळाऱ्याने अकरा वर्षं आम्हाला नेमाने वापरलं. हात दादाइतका हलका नव्हता, पण शिस्त होती. वापरून झालं की पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा. मात्र बारीक अक्षरांनी त्याच्या डोळ्यांची वाट लावली. जाड चष्मा आला. चष्मा लावून दाढी होईना, काढून दिसेना. त्याच सुमारास त्याची मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून बाबांसाठी नवीन तऱ्हेचं रेझर घेऊन आली. लेकीने आणलेली वस्तू बाप नाकारतो थोडाच! आमची पेटी मागच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात गेली.

त्या खणामागची भिंत ओल धरणारी होती. गंज एका दिवसात चढत नाही. तो आधी ठिपका होऊन येतो, मग शेजारी हातपाय पसरतो. थोरल्यावर चढला, माझ्यावर चढला. मूठ कोरडी पडून तिची साल निघाली. रागाने मी आतल्या आत नुसता करकरत होतो. कुणी उघडलं असतं तर दाखवलं असतं की गंज कातडीला लागलाय, हाडाला नाही.

उघडलं ते बावीस वर्षांनी, आणि तेही आम्हाला फेकून देण्यासाठी.

झालं असं, की एका सकाळी जुळाऱ्याच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. मग तोच खुर्चीतून घसरला. अर्धांगवायू. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आला, आमच्याच मागच्या खोलीत त्याचा पलंग टाकला, तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि तोंडातून "ते... ते..." याखेरीज काही निघत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक शब्द जुळेना.

त्याची बायको, म्हणजे बाई. त्यांनी तीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले. शेकडो मुली त्यांच्या हाताखालून शिकून गेल्या, त्या सगळ्या त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. नवऱ्याचं सगळं त्या करत. जेवू घालणं, कूस बदलणं, लुळ्या बोटांना तेल लावून एकेक बोट उघडणं. दाढी मात्र अडली. सकाळी येणाऱ्या मदतनिसाने एकदा घाईघाईत स्वस्तातलं रेझर फिरवलं आणि गाल कापला. रक्त पातळ राहायची गोळी चालू होती. अर्धा तास रक्त थांबेना. मुलगी वरच्याच मजल्यावर राहते, ती धावत खाली आली आणि तिने त्याच दिवशी फर्मान काढलं, "आजपासून या खोलीत पातं नको." मग विजेचं मशीन आणलं. ते कानाशी घुरघुरलं की जुळारी डाव्या हाताने ढकलून द्यायचा. दाढी वाढली. पांढरी, खुरटी, उजवीकडे लाळेने चिकटलेली.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणारी एक तरुणी यायची. ती त्याच्यासमोर आरसा धरायची. "काका, माझे ओठ बघा, मग तुमचे बघा. ओठ गोल करा. ऊ."

काका डोळे मिटून घ्यायचे.

"काका, आरशात बघा ना."

तो डाव्या हाताने आरसा पालथा घालायचा. एकदा नाही, दर वेळी. शेवटी जाताना दाराशी ती बाईंना म्हणाली, "मावशी, तोंड बघितल्याशिवाय तोंडाला शिकवता येत नाही. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. हे डोळेच उघडणार नसतील तर मी येऊन काय करू?"

बाई आत आल्या आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं. आरशातला तो दाढीवाला, वाकड्या तोंडाचा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याची ओळख करून घ्यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती.

त्या रविवारी मुलगी आणि जावई कपाट आवरायला बसले. कात्री, चाकू, सुया, जे टोचेल ते बाहेर. मुलीने खालच्या खणातून आमची पेटी काढली, पलंगावर ठेवली आणि उघडली. बावीस वर्षांनी उजेड! तेवढ्यात जुळाऱ्याचा डावा हात हळूहळू सरकत आला. त्याने पेटीला बोट लावलं. मग तेच बोट स्वतःच्या गालावर नेलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश ओढलं. एकदा. दोनदा.

मुलगी पाठ करून कागद चाळत होती. बाईंनी मात्र पाहिलं.

पण त्या काही बोलायच्या आत जावयाने पेटी उचलली. माणूस हौशी. जुनी घड्याळं, कंदील, कुलपं जमवायचा आणि काचेच्या कपाटात मांडायचा. "अहो आई, हे तर अँटिक आहे! शंभर वर्षं तरी जुनं. मी असं लख्ख करून आणतो की बाबा बघतच राहतील." आणि तो आम्हाला घेऊन वर गेलासुद्धा.

आता जे सांगतो ते सांगताना माझी धार आजही ताठ होते.

जावयाच्या गॅलरीत एक मोटर होती. तिच्या टोकाला कापडाचं चाक, चाकाला मेणासारखं पॉलिश. बटण दाबलं की चाक भिंगरीसारखं फिरायचं. त्याने हातात जाड मोजे चढवले, गाणं गुणगुणत थोरल्याला उचललं आणि चाकावर धरलं. गंज उडाला. डाग उडाले. कारागिराचा ठसा उडाला. थोरला चांदीसारखा चमकू लागला आणि त्याच वेळी आतून तापत गेला. मोजे घातलेल्या हाताला ते कळणार कसं? धारेवर आधी गव्हाळ रंग आला, मग जांभळट, मग निळा.

"अगं, बघ कसला सुंदर रंग आलाय!" जावई आत ओरडला.

तो रंग मरणाचा होता. माझ्या शेजारी, माझ्या डोळ्यांदेखत थोरल्याचं पाणी उतरलं. डोळे मला नाहीत हे मान्य, पण भाऊ जाताना ते लागत नाहीत.

जावयाने त्याला फडक्यावर ठेवलं आणि मला उचललं. चाक पुन्हा फिरू लागलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "बंद करा ते."

बाई उभ्या होत्या. नवरा सकाळपासून जेवला नव्हता, पेटी गेली त्या दाराकडे टक लावून बसला होता, म्हणून त्या वर आल्या होत्या. त्यांनी थोरल्याला हातात घेतलं आणि निळी कड पाहिली. ज्या बाईने तीस वर्षं कात्र्या वापरल्या, तिला वेगळं सांगायला नको. त्यांनी जावयाच्या टेबलावरचा एक सुती दोरा ताणून धरला आणि थोरल्याने कापून पाहिला. दोरा तुटला नाही. धारच वाकली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमची हौस मोठी, पण हा दाराचा कडी-कोयंडा नव्हे. चमकवलंत छान. आता याने काय कापणार? वारा?" आणि मग त्यांनी जी बिनपाण्याने केली ती मी इथे पूर्ण सांगत नाही. जावई मोजे काढून मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "आई, हा दुसरा तरी वाचेल का?"

"वाचवते," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन खाली आल्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून माझी सेवा सुरू झाली. सेवा म्हणतोय, पण लाड नव्हते. बाईंनी आधी माझ्या धारेवर चिकटपट्टी लावली, स्वतःची बोटं आणि माझी धार दोन्ही शाबूत राहावीत म्हणून. मग शिवणयंत्राचं तेल अंगभर चोपडून मला दोन दिवस नुसतं ठेवलं. घाई नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या बनियनच्या चिंधीने पुसलं तेव्हा अर्धा गंज चिखल होऊन निघाला. सांध्यातल्या खिळ्याशी साचलेली घाण त्यांनी दात कोरायच्या काडीने काढली, तेलाचा थेंब सोडला, उघड-मीट केली. बावीस वर्षांनी माझा सांधा हलला. दुखलं. मी करकरलो. "हो, हो, कळतंय," बाई म्हणाल्या. माझ्याशी बोलणाऱ्या त्या पहिल्याच.

मग जावई बारीक कागद घेऊन खाली आला. पाण्यात भिजवून घासायचे, तीन नंबरांचे. तो गुपचूप कोपऱ्यात बसला. बाईंनी बाटलीचं बूच कापून त्याला कागद गुंडाळला आणि दाखवलं, "हाताने घासायचं. पाठीकडून धारेकडे. उलट कधीच नाही. आणि मोजे घालायचे नाहीत, पात्याला ऊब आली तर आधी बोटाला कळलं पाहिजे." तो शिकला. रोज कामावरून आला की तासभर घासायचा. आधी जाडा कागद, मग मधला, मग रेशमासारखा. शेवटी पांढरी पेस्ट आणि मऊ फडकं. शिंगाच्या मुठीला पाणी लागू दिलं नाही, तेलच पाजलं, तिची सालं बसली आणि ती पुन्हा काळीभोर झाली.

मुलगी हे सगळं दुरून बघायची, तोंड आवळून. एकदा जवळ येऊन म्हणाली, "काळे डाग राहिलेच की."

"राहू देत," बाई म्हणाल्या. "ते घालवायला गेलं तर पातं संपेल."

ऐकलंत? हे मी सगळ्या हौशी लोकांना ओरडून सांगायला तयार आहे. डाग माझे आहेत. ओलीत बावीस वर्षं काढली त्याची ती खूण आहे. तुमच्या कपाटाची शोभा वाढावी म्हणून मी माझी हाडं झिजवू काय?

पण तोऱ्यात राहून भागत नाही हेही कबूल करतो. बाईंनी मला निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तीन दिवस घासलं, धारेजवळचा एक बारीक खड्डा जाईपर्यंत. मग डोक्यावरचा एक पांढरा केस तोडून माझ्यावर धरला. केस तुटला नाही. वाकला. मला अशी लाज वाटली की पुन्हा खणात टाकलं असतं तरी मी तक्रार केली नसती. बाईंनी जुळाऱ्याचा जुना चामडी पट्टा खिडकीच्या कडीला अडकवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रोज पन्नास वेळा. पाचव्या दिवशी केस धरला आणि त्याचे दोन तुकडे कधी झाले ते त्यांनाही कळलं नाही.

आता प्रश्न हाताचा. बाईंनी एक फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस लावला आणि मला फिरवलं. फट्! पहिले सहा फुगे फुटले. सातवा वाचला. त्यानंतर एकही फुटला नाही.

"फुग्याला नाक नसतं, आई," मुलगी म्हणाली. "हनुवटी नसते. आणि फुगा रक्त पातळ करायची गोळी घेत नाही. तू हे बाबांवर करणार नाहीस. मी करू देणार नाही."

तिची भीती खोटी नव्हती. अर्ध्या तासाचं ते रक्त तिनेच दाबून धरलं होतं. बाई जावयाकडे वळल्या. "बसा."

"मी?"

"एकाचा जीव घेतलात. दुसऱ्याला गाल द्या."

जावई बसला. बायकोकडे बघून तो म्हणाला, "माझं काही बरंवाईट झालं तर घड्याळांना चावी देत जा." ती हसली नाही. बाईंनी गरम फडकं लावलं, फेस लावला, डाव्या हाताने कातडी ताणली आणि मला टेकवलं. बाईंचा हात शिवणाऱ्याचा. टाका कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते जाणणारा. मीही जीव ओतला. एक गाल झाला. दुसरा झाला. गळा झाला. जावयाने हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला, आणि बायकोचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. "अगं, लोणी!"

तिने हात काढून घेतला नाही. जरा वेळाने आईला म्हणाली, "डॉक्टरांना विचार."

डॉक्टर म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. पण करणार असाल तर सकाळच्या उजेडात करा, तुरटी आणि स्वच्छ कापूस जवळ ठेवा, आणि रक्त आलं तर दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघायचं नाही."

मंगळवारी सकाळी जुळाऱ्याला खिडकीजवळ बसवलं. मागे उशी, गळ्यात टॉवेल. मुलगी दारात, हातात फोन, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवलेला. जावयाने गरम पाण्याचं भांडं धरलं होतं. मला स्पिरिटने पुसून बाईंनी उघडलं तेव्हा जुळाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. डागांसकट ओळखलं त्याने मला. मग त्याने सवयीने मान मागे टाकली आणि डोळे मिटले, अगदी दादाच्या खुर्चीत टाकायचा तशी.

डावा गाल सोपा गेला. उजवा अवघड. तिकडची कातडी सैल, जीव नसलेली, ताणली तरी सुरकुती पडायची. बाईंच्या कपाळावर घाम आला. एका सुरकुतीशी त्या थांबल्या, हात उचलला, श्वास घेतला. माझी धार कातडीपासून केसभर अंतरावर होती. मी मनात म्हटलं, बाई, फुगे फुटले ते विसरा, लोणी आठवा. त्यांनी मला पुन्हा टेकवलं. सुरकुती पार झाली. ओठाचा वाकडा कोपरा झाला. हनुवटी झाली. गळ्यावर बाईंनी मला असं फिरवलं की मला स्वतःलाच माझं वजन लागलं नाही.

एक थेंब रक्त नाही.

बाईंनी टॉवेलने तोंड पुसलं. मुलीने फोन खाली ठेवला. जुळाऱ्याने डोळे न उघडता डावा हात वर नेला आणि गाल चाचपला, खालून वर. त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ गोल झाले. गळ्यातून काहीतरी ढकलत ढकलत वर आलं.

"ऊ..." तो म्हणाला. "उल... टा."

बाईंना कळेना. "काय उलटं? उशी उलटी झाली?"

त्याने जोरात मान हलवली. बोट गालावर खालून वर ओढलं. "उलटा!"

आणि मग त्यांना कळलं. सुलटा हात झाला होता, केसांच्या दिशेने. उलटा हात बाकी होता, आणि तो मारल्याशिवाय जुळाऱ्याने उभ्या आयुष्यात दाढी झाली असं मानलं नव्हतं. अडीच महिन्यांनी तोंडातून शब्द निघाला, तोही कामातली चूक काढायला! बाई मटकन पलंगाच्या कडेवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. मुलीला हसू की रडू ते समजेना. जावयाने पाणी पुन्हा गरम करायला नेलं.

उलटा हात झाल्यावर बाईंनी आरसा समोर धरला. त्याने तो पालथा घातला नाही. बराच वेळ बघत राहिला. तोंड वाकडं होतंच. पण माणूस ओळखीचा होता.

त्याला आता चार महिने झाले. बोलणं शिकवणारी तरुणी येते तेव्हा तो आरसा स्वतः मांडून बसलेला असतो. शब्द येतात, अडखळत, कधी अर्धे, कधी भलतेच. मी दर तिसऱ्या दिवशी कामावर असतो. वापरून झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून उंच फळीवर. थोरला वर काचेच्या कपाटात आहे, घड्याळांच्या शेजारी. लोक येतात, त्याच्या निळ्या धारेचं कौतुक करतात. जावई तेव्हा घड्याळांना चावी द्यायला लागतो. एकदा एका पाहुण्याने माझ्याकडे बोट दाखवून सुचवलं, "यालाही तसं चमकवून घ्या की." जावई म्हणाला, "हा कामात आहे." माझ्याबद्दल कुणी काढलेले हे सगळ्यात चांगले शब्द.

तुमच्या घरात खणाच्या तळाशी माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याला बाहेर काढा. तेल लावा, वाट बघा, हाताने घासा. त्याला दागिना करू नका, म्हणजे झालं.

राहता राहिलं आजचं. आज सकाळी गरम पाणी आलं, फेस लावून झाला, आणि जुळाऱ्याने डावा हात पुढे केला. "दे," तो म्हणाला.

"अहो, काय दे?" बाई म्हणाल्या. "डाव्या हाताने? वेड लागलंय?"

"दे."

"बाबा, नाही हं!" मुलगी म्हणाली. "आई, देऊ नकोस."

"माझी... दाढी," जुळारी म्हणाला. मग दम घेऊन, "माझा... हात."

बाईंनी टॉवेलने त्याचा तळवा कोरडा केला. मग त्यांनी मला त्याच्या डाव्या हातात दिलं, बोटं नीट बसवून, आणि स्वतःचा हात त्याच्या मनगटाखाली धरला, न टेकवता. मुलगी खोलीबाहेर गेली, आणि लगेच परत आली. त्याने कानाशी मला टेकवलं आणि ओढलं. एक पट्टा स्वच्छ निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला हनुवटीच्या वळणावर हात घसरला आणि मी त्याला कापलं.

हो, मीच कापलं. खोटं कशाला बोलू?

लाल रेघ उमटली. बाईंनी कापूस दाबला, घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं. दहा मिनिटांनी कापूस उचलला, रक्त थांबलं होतं. मग त्यांनी तुरटी फिरवली. तुरटी झोंबली, आणि जुळाऱ्याच्या तोंडातून एक शिवी निघाली. छापखान्यातली, सणसणीत, चांगली सात शब्दांची. एकही अक्षर अडलं नाही. एक काना, एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही.

बाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने नवऱ्याकडे. बोलणारा स्वतःच सगळ्यात जास्त दचकला होता. मग त्याने डाव्या कोपराने आरसा अगदी डोळ्यांजवळ ओढला आणि पुन्हा हात पुढे केला.

तेव्हा आता निरोप घेतो. बोलत बसायला वेळ नाही. अर्धा गाल बाकी आहे.